मापात पाप नको : साअ, शेर आणि फित्र्याचे धान्य

रमजानचा शेवटचा आठवडा उजाडला की मीरा-भाईंदरच्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो : यंदा फित्रा किती? नयानगरच्या एखाद्या मशिदीच्या फलकावर माणशी १ किलो ६३३ ग्रॅम गहू असे लिहिलेले असते. शेजारच्या घरी आलेल्या पत्रकात २ किलो ४५ ग्रॅम छापलेले असते. रत्नागिरी-रायगडकडून येऊन येथे स्थायिक झालेल्या शाफई कुटुंबात मात्र अडीच किंवा तीन किलो तांदूळ बाजूला काढले जातात. एकच इमारत, एकच मजला आणि आकडे तीन!

यातून दोन अनर्थ उद्भवतात. कोणी म्हणतो, ज्या आलिमांचा साधा आकडा जुळत नाही त्यांचे ऐकायचे तरी कशाला? दुसरा काही बोलत नाही. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा निवडतो, त्याला सर्वांत स्वस्त गव्हाच्या भावाने गुणतो आणि मोकळा होतो. पहिल्याच्या मनात दीनविषयी शंका रुजते, दुसऱ्याच्या हातून गरिबाचा हक्क निसटतो. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, हे आकडे वेगळे का आहेत, हे एकदा नीट समजून घेऊ. विषय स्वयंपाकघरातला आहे आणि ज्या भगिनी रोज वाटीने तांदूळ मोजतात त्यांना तो सर्वांआधी उमगेल.

माप वेगळे, वजन वेगळे

मूळ गोष्ट अशी की शरीअतने फित्र्याचे वजन सांगितलेलेच नाही. माप सांगितले आहे. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या रिवायतीनुसार आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी लहान-थोर, स्त्री-पुरुष अशा प्रत्येक मुस्लिमावर खजुराचा एक साअ किंवा जवाचा एक साअ अनिवार्य केला आणि लोक ईदच्या नमाजला निघण्यापूर्वी तो देण्यास सांगितले. साअ हे वजन नव्हे, ते एक भांडे आहे. चार मुद मिळून एक साअ होतो आणि मध्यम हातांच्या माणसाच्या भरल्या ओंजळीएवढा मुद असतो.

साअ हे भांडे होते याची खूण दुसऱ्या एका हदीसमध्येही सापडते. पैगंबर (स.) एक मुद पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल करीत, असे हजरत अनस (रजि.) सांगतात. ज्या मापाने धान्य मोजायचे त्याच मापाने पाणी मोजायचे, हे भांड्यानेच शक्य आहे.

आता आपल्या आजी-नानीच्या काळात चला. आपल्याकडेही धान्य मापानेच दिले-घेतले जाई. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. घोटाळा असा की ‘शेर’ हा शब्द दोन कामे करी. धान्याचा शेर म्हणजे भांडे आणि तराजूचा शेर म्हणजे ८० तोळ्यांचे वजन. मापाचा शेर गावोगावी लहानमोठा असे. म्हणूनच ‘कोणत्या बाजारचा शेर?’ असे विचारावे लागे. १९५६च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक पद्धत आली, साठच्या दशकात किलो रुळला आणि पायली-मापटी माळ्यावर गेली. त्यांच्याबरोबर एक साधी समजही माळ्यावर गेली : एकाच भांड्यात भरलेल्या दोन वस्तूंचे वजन सारखे नसते.

भाईंदरच्या मिठागरातले खडेमीठ आणि दळलेले बारीक मीठ एकाच वाटीत आळीपाळीने भरून तोलून पाहा. पदार्थ तोच, वाटी तीच. तरी बारीक मीठ जड भरेल, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. धान्याचेही असेच आहे. एक लिटरच्या भांड्यात पाणी १००० ग्रॅम मावते. त्याच भांड्यात कच्चे तांदूळ सुमारे ८०० ग्रॅम, गहू सुमारे ७७० ग्रॅम, ज्वारी सुमारे ७२० ग्रॅम, सालासकट जव सुमारे ६२० ग्रॅम आणि चाळलेले गव्हाचे पीठ अवघे ५०० ते ५५० ग्रॅम मावते. दाणा जाड की बारीक, नवा की जुना, कोरडा की दमट, भांडे आपटून भरले की अलगद, यानेही फरक पडतो.

म्हणूनच इमाम नववी (रह.) यांनी स्पष्ट लिहून ठेवले की साअचे वजन ठरविणे अवघड आहे, कारण भांड्यात काय भरले यावर वजन बदलते, हरभऱ्याचे वेगळे आणि मक्यासारख्या धान्याचे वेगळे. खरा आधार मापाचा, वजन हा अंदाज. हनफी फुकहांनी हीच अडचण निराळ्या तऱ्हेने सोडविली. ‘दुर्रे मुख्तार’मध्ये साअची व्याख्या अशी येते : ज्या भांड्यात १०४० दिरहम वजनाचे मूग किंवा मसूर मावतील ते भांडे. मूग-मसूरच का? कारण हे दाणे एकसारखे असतात आणि त्यांच्या मापात व वजनात फारसा चढउतार होत नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या या विद्वानांना माप आणि वजन यांतला भेद किती बारकाईने ठाऊक होता हे यावरून दिसते.

मदीनेच्या घराघरांतील साअ

मापाचा प्रश्न आपल्याच काळात निघाला असे नाही. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते साअ आठ रतलांचा. (मराठीतला ‘रत्तल’ हा शब्द मूळ अरबीच.) मदीनेचे इमाम मालिक (रह.) तो पाच पूर्णांक एक तृतीयांश रतलांचा मानीत. इमाम अबू हनीफांचे थोर शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) मदीनेला गेले तेव्हा हा विषय निघाला. तेव्हा मुहाजिर आणि अन्सार यांचे वंशज आपापल्या घरचे साअ घेऊन आले. प्रत्येकाने सांगितले, हे माप माझ्या वडिलांकडून आले, त्यांना त्यांच्या वडिलांकडून, आणि याच मापाने आमच्या घरातून पैगंबरांकडे (स.) सदका जात असे. इमाम अबू यूसुफांनी ती मापे तपासली, ती परस्परांशी जुळली आणि आपल्या उस्तादांचे मत बाजूला ठेवून त्यांनी मदीनेचे माप स्वीकारले.

काही हनफी विद्वानांनी याचा आणखी एक उलगडा केला आहे. मदीनेचा रतल ३० इस्तारांचा आणि बगदादचा २० इस्तारांचा होता. पाच पूर्णांक एक तृतीयांशला ३० ने गुणा किंवा आठला २० ने गुणा, उत्तर १६०च येते. म्हणजे भांडे एकच, मोजणारे वजन वेगळे. हा उलगडा सर्वांनी मान्य केलेला नाही; पण आपल्या वादांकडे कसे पाहावे हे तो शिकवतो. आकडा वेगळा दिसला की समोरचा चुकला असे लगेच समजू नये. आधी विचारावे : कोणत्या मापाने, कोणते धान्य, कोणत्या वजनात?

फलकांवरचे आकडे कोठून आले?

हाच प्रश्न घेऊन मशिदीच्या फलकाकडे वळू. हनफी मजहबात गहू दिल्यास अर्धा साअ आणि खजूर, जव दिल्यास पूर्ण साअ द्यावा लागतो. इंग्रजी अमदानीत एक तोळा म्हणजे चांदीच्या एका रुपयाचे वजन, आजच्या हिशेबाने ११.६६४ ग्रॅम. मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी ‘औजाने शरइय्या’ या पुस्तिकेत जुन्या अरबी वजनांचे तोळ्यांत रूपांतर केले. मिस्काल, दिरहम आणि मुद अशा वेगवेगळ्या वाटांनी हिशेब केला की अर्धा साअ सुमारे १३५ ते १४० तोळे येतो. १३५ तोळ्यांचे १ किलो ५७५ ग्रॅम होतात आणि १४० तोळ्यांचे, म्हणजे जुन्या पावणेदोन शेरांचे, १ किलो ६३३ ग्रॅम. फलकावरचा पहिला आकडा हा.

दुसऱ्या आकड्याची कथा तर आपल्या विषयाचा उत्तम धडाच आहे. मौलाना अहमद रजा खान (रह., १८५६-१९२१) यांनी विचार केला की हदीसमध्ये जवाचा उल्लेख आहे, तेव्हा भांडे जवाने ठरवावे. १४४ रुपयेभार जव मावतील असे अर्ध्या साअचे माप घेऊन त्यांनी त्यातच गहू भरले. गहू भरले १७५ रुपये ८ आणे भार! भांडे तेच, पण गव्हाचा दाणा अधिक जड आणि घट्ट बसणारा. १७५॥ तोळ्यांचे ग्रॅम केले की २ किलो ४७ ग्रॅम येतात. काही पत्रकांत तोच आकडा २ किलो ४५ ग्रॅम असा छापतात. आपण वर पाहिलेल्या लिटरच्या हिशेबातही गहू जवापेक्षा साधारण त्याच प्रमाणात जड आहेत. दोन्ही बुजुर्गांपैकी कोणी मनाने आकडा घेतला नव्हता. एकाने वजनाची वाट धरली, दुसऱ्याने भांड्याची.

तिसरा आकडा शाफई बांधवांचा. इमाम शाफई (रह.) यांच्या मजहबात गहू असो वा तांदूळ, आपल्या भागातील मुख्य अन्नाचा पूर्ण साअ द्यावा लागतो. हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांचे आचरण त्यांच्यापुढे आहे. हजरत मुआविया (रजि.) यांनी शामच्या गव्हाचे दोन मुद खजुराच्या एका साअएवढे धरावेत असे मत दिले, तेव्हाही अबू सईद (रजि.) पूर्वीसारखा पूर्ण साअच देत राहिले. कोकणचे अन्न तांदूळ. म्हणून कोकणी घरातून तांदूळ निघतो. आधुनिक विद्वानांपैकी वहबा जुहैली साअ सुमारे पावणेतीन लिटरचा धरतात. केरळच्या शाफई आलिमांमध्ये ३.२ लिटरचा हिशेब रूढ आहे. पहिल्या मापात आपले तांदूळ सुमारे २ किलो २०० ग्रॅम भरतात आणि दुसऱ्यात सुमारे अडीच किलो. तीन किलो देणारा दोन्ही हिशेबांतून निर्धास्तपणे पार पडतो. अडीच आणि तीन किलो यांचे मूळ हे.

आपल्या घरचा साअ

आता प्रत्येक घराने एकदा तरी स्वतःचे माप करून पाहावे, अशी माझी विनंती आहे. मुलांना जवळ बसवा. दीन आणि गणित दोन्ही एका बैठकीत होतील.

१. स्वयंपाकघरातली रोजची वाटी घ्या. लिटरभर पाण्याची बाटली त्या वाटीने रिकामी करा आणि किती वाट्या झाल्या ते मोजा. बरोबर पाच झाल्या तर वाटी २०० मिलिलिटरची. घरी वजनकाटा असेल तर काम आणखी सोपे : वाटीतल्या पाण्याचे जितके ग्रॅम तितके मिलिलिटर.

२. वाटी कोरडी पुसा. अशा २०० मिलिलिटरच्या वाटीने पावणेतीन लिटरचा साअ म्हणजे पावणेचौदा वाट्या, सोयीसाठी चौदा म्हणा. ३.२ लिटरचा साअ म्हणजे सोळा वाट्या. मुद म्हणजे याचा चौथा हिस्सा, साडेतीन ते चार वाट्या.

३. तुम्ही जे तांदूळ खाता तेच कच्चे तांदूळ सपाट वाटीने तेवढे मोजा आणि मग तोला. येईल तो आकडा डब्यावर लिहून ठेवा. तो तुमच्या तांदळाचा आकडा आहे. बारीक तांदळाला आणि जाड उकड्याला तो थोडा वेगळा येईल.

४. गव्हाच्या मापाने पीठ देऊ नका. त्याच भांड्यात पीठ गव्हाच्या दोन तृतीयांशच भरते. शाफई मजहबात फित्र्यासाठी पीठ चालतच नाही, धान्यच हवे. हनफी मजहबात पीठ चालते. पण ते मापाने न देता वजन आणि किंमत दोन्ही पाहून द्यावे. शिजवलेल्या भाताचे वजन तर धरूच नये, त्यात निम्म्याहून अधिक पाणी असते.

५. हनफी घरातून तांदूळ द्यायचे असतील तर त्यांना साअचे माप लावायचे नाही. अर्ध्या साअ गव्हाची, किंवा एक साअ जवाची वा खजुराची जी किंमत होईल तितक्या किमतीचे तांदूळ द्यावेत. रोख रक्कम देण्याची परवानगीही हनफी मजहबात आहे. शाफई मजहबाचे मुख्य मत धान्याचेच आहे. रोख द्यायची निकड असेल तर आपल्या आलिमांना विचारूनच द्यावी.

पती हनफी आणि पत्नी शाफई अशी घरे आपल्या शहरात कमी नाहीत. तेथे वाद नको. दोघांनी मिळून तीन किलो चांगले तांदूळ माणशी काढले आणि त्यांची किंमत अर्ध्या साअ गव्हाच्या किमतीहून कमी नाही एवढे पाहिले, की दोन्ही मजहबांनुसार फित्रा अदा होतो.

हेच माप रोज्याच्या फिदयालाही लागते. वार्धक्यामुळे किंवा बरा न होणाऱ्या आजारामुळे ज्यांना रोजा शक्य नाही त्यांनी शाफई मजहबात एका रोज्यामागे एक मुद धान्य द्यावे. तांदळाचे ते साडेपाचशे ते साडेसहाशे ग्रॅम होते, पाऊण किलो दिले की शंका उरत नाही. हनफी मजहबात एका रोज्यामागे अर्धा साअ गहू किंवा त्याची किंमत. शपथ मोडल्याच्या कफ्फाऱ्यात दहा गरिबांना अन्न द्यायचे असते. तेथेही दरेकी शाफईंचा मुद आणि हनफींचा अर्धा साअ गहू. त्या आदेशात (सूरह माइदा, आयत ८९) आपण आपल्या घरच्यांना जे मध्यम प्रतीचे अन्न देतो तसे अन्न द्यावे, असे अल्लाहने बजावले आहे. म्हणजे मापाबरोबर प्रतही पाहायची आहे.

सपाट घ्यावे, शीग लावून द्यावे

मराठीत ‘मापात पाप’ असा शब्दप्रयोग आहे. दिव्य कुरआनची एक संपूर्ण सूरह, ८३वी ‘मुतफ्फिफीन’, याच पापाच्या निषेधाने सुरू होते : लोकांकडून घेताना पुरेपूर मापून घेणारे आणि लोकांना देताना माप किंवा वजन कमी करणारे. आपण ती वाचतो तेव्हा डोळ्यांपुढे दुकानदार येतो. पण क्षणभर स्वतःकडे पाहू या. किराणा घेताना काट्याचा आकडा आपण डोळे वटारून पाहतो, भाजीवाल्याने जुडी लहान दिली तर बदलून घेतो. आणि फित्रा देताना? वर्षभर चांगला तांदूळ खाणाऱ्या घरातून सर्वांत लहान आकड्याला सर्वांत हलक्या धान्याचा भाव लागतो. घेतानाचे माप एक आणि देतानाचे दुसरे. हिशेब फिक्हच्या दृष्टीने कदाचित पुरा भरेलही. पण आपण डोळे झाकल्याशिवाय स्वतः स्वीकारणार नाही अशी वस्तू दानासाठी निवडू नये, ही सूरह बकराची (आयत २६७) ताकीद अशा हिशेबाला कशी पेलवेल?

आपल्या शहरात रोजंदारीवर जगणारे, मजूर-नाक्यावर उभे राहणारे, भाड्याच्या खोलीत चारपाच मुले घेऊन राहणारे पुष्कळ आहेत. फित्र्याचे तांदूळ ईदच्या सकाळी त्यांच्या चुलीवर शिजतात. पावणेतीन लिटर आणि ३.२ लिटर यांत फरक जेमतेम दोन वाट्यांचा. आपल्या डब्यात त्या दोन वाट्या जाणवतही नाहीत. पण पाच माणसांच्या एका घराने फित्रा देताना एवढे जास्त घातले की दहा वाट्या होतात आणि दहा वाट्या तांदळात एका कुटुंबाचे दोन वेळचे जेवण होते. आकड्यांतल्या मतभेदाचे ओझे गरिबावर टाकायचे की आपण उचलायचे, एवढाच खरा प्रश्न आहे.

आपल्या जुन्या मोजणाऱ्या बायका धान्य देताना मापावर शीग चढवीत. काठाच्या वर दाण्यांचा लहानसा डोंगर करीत आणि शेवटी वर एक मूठ टाकीत. त्यांनी फिक्हची पुस्तके वाचली नव्हती. देताना माप भरून वाहावे, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. फलकावरचा आकडा आपल्या मजहबाप्रमाणे जरूर पाळा, त्यात आलिमांचे कष्ट आहेत. शेजाऱ्याच्या आकड्याला नावे ठेवू नका, त्यामागेही एक भांडे आणि एक हिशेब आहे. आणि आपल्या आकड्यावर एक मूठ शीग चढवा.

मदीनेच्या साअमध्ये आणि मुदमध्ये बरकत यावी म्हणून पैगंबरांनी (स.) दुआ केली होती. अल्लाह तआला आपल्याही घरच्या मापांत बरकत देवो, घेताना आणि देताना आपला हात सारखा ठेवो आणि आपले रोजे व फित्रे कबूल करो. आमीन.